अकरा माणसं आणि एक गार्ड

आप्पा खुर्चीतून उठले, पडद्यासमोर गेले आणि दिग्दर्शकांना म्हणाले, "साहेब, धा गाड्या एकाच फलाटावर घेतल्या तुम्ही."

लोक हसले. हसू ओसरेपर्यंत ते थांबले. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या सभागृहात त्या दुपारी मी शंकरराव गावडे यांना प्रथम पाहिलं. ते रेल्वेतले निवृत्त गार्ड, इथल्या चित्रपट मंडळाचे संस्थापक, सर्वांचे आप्पा. मी शिरूरला महाविद्यालयात मराठी शिकवतो, म्हणून दिग्दर्शकांनी कच्चा चित्रपट पाहून मत द्यायला मलाही बोलावलं होतं.

दिग्दर्शक नावाजलेले होते. चित्रपट तळेगाव ढमढेरेच्या आठवडी बाजारातल्या एका दिवसाचा, अकरा माणसांचा. लांबी वाढली होती. एक पात्र काढायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते ठरायचं होतं. बोट बांगड्या विकणाऱ्या कासारणीवर होतं. ती भूमिका तळेगावात भाजीपाला पिकवणाऱ्या मंगलताईंनी केली होती. आयुष्यातली पहिलीच. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. या पात्राला स्वतःची गोष्ट नाही, काढलं तरी अडणार नाही, असं मी नुकतंच बोलून बसलो होतो.

आप्पांच्या मंडळात दारातच प्रत्येकाच्या हाती एका पात्राच्या नावाची चिठ्ठी देतात. त्यानं तेवढ्याच माणसावर नजर ठेवायची आणि चित्रपटानं त्याला कुठं सोडलं, ते शेवटी सांगायचं. उरलेली चिठ्ठी आप्पा घेतात. त्या दिवशी त्यांच्याकडे कासारीण आली होती.

"तुमची माणसं बोलताना हात थांबवत न्हाईत," ते म्हणाले. "कांदं निवडत निवडत भांडत्यात. हे लई खरं. पण शेवटाला धाही जणांचं रडणं, माफी, मिटवामिटवी एकदमच. एखाद्याला तसंच घरी जाऊ द्या की. आन् कासारीण काढू नका. त्या धाही जणांना फक्त तीच बघती. शेवटचा डबा दिसल्याबिगर गाडी पुरी आली, असं आम्ही म्हणत न्हाई."

मंगलताईंनी पदर सारखा केला. आप्पा त्यांच्याकडे वळले.

"पण मंगल, तुझं शेवटचं हसू खोटं हाय. तू पेटी उचलून पाठमोरी जातीस, तिथंच संपवायला पायजे. वळून हसणं नको."

त्या हसण्यातच मंगलताईंचा चेहरा पडदाभर दिसत होता. आळीत त्यांनी ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"आवो आप्पा, साहेब हसा म्हणले म्हणून हसले," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं व्हतं, बाजार उठल्यावर कोण हसतं? पाय दुखत्यात. तर म्हणले, आशा दिसली पायजे."

"दिसली का मग?"

"मला काय दिसतंय? हसताना आपलं तोंड आपल्याला कुठं दिसतं? पर तुम्ही वळखीचे, आन् तुम्हीच माझं तोंड कापताय व्हय?"

दिग्दर्शक हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहीत राहिले.

ओळखीच्या माणसासाठी मत मऊ करायचं नाही आणि परक्यासाठी धारदार करायचं नाही, ही आप्पांची रीत मी पुढे अनेक वर्षं पाहिली. सभा संपल्यावर ते मंगलताईंबरोबर जीपपर्यंत गेले, त्यांना खिडकीची जागा मिळेपर्यंत उन्हात उभे राहिले. त्या फुगून समोर बघत बसल्या. परत येऊन ते मला म्हणाले, "सर, तुम्ही गोष्ट शोधत बसला, माणूस ऱ्हायलं." एवढंच. मग पुढच्या महिन्याला यायचं आमंत्रण दिलं. मी गेलो, अजून जातो.

आप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची नजर आणि पाय असेच चालते राहोत, आणि आमची मतं त्यांना दीर्घकाळ ऐकावी लागोत.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शकांनी मंगलताईंना फोन केला. भूमिका राहिली होती, हसू काढलं होतं. मंगलताईंनी आप्पांना ते कळवलं, "गावाला आता माझी पाठच दिसणार," असं ऐकवलं, आणि मेथी काढायला शेतात गेल्या.