बोरी अरबच्या दुकानात आलेली शिडाची बोट

वेल्डिंगच्या दुकानात भंगार अन् किस्से एकाच कोपऱ्यात साचते. भंगार वर्षातून एकदा विकल्या जाते, किस्से मात्र कोणीच नेत नाई. नांगराचे अन् ट्रॉलीचे किस्से माह्या घरच्यायले पाठ झाले, म्हणून आज बोटीचे सांगतो. हो, बोटच. बोरी अरबमध्ये, जिथून समुद्र लय दूर हाये. हसून घ्या आधी!

*

राठोडकाका जहाजावरून रिटायर होऊन तांड्यात परत आले. सगळे त्यायले कॅप्टन म्हणत. एक दिवस त्यायनं मुंबईहून एक जुनी शिडाची बोट ट्रकवर टाकून आणली अन् थेट माह्या दुकानासमोर एका ट्रॉलीवर उतरवली.

"हिची रिगिंग बदलायची आहे," ते म्हणाले. एवढी वर्षं बाहेर राहून त्यायची भाषा शहरी झालती.

"रिगिंग म्हणजे?"

मंग त्यायनं समजावून सांगतलं. मधात उंच खांब, त्याले शीड लागते. खांबाले चहूबाजूनं तारा धरून ठेवते. तारांच्या टोकाले पिना, कड्या अन् ताण द्यायचे स्क्रू. हे सगळं गंजलं होतं.

रिटायर लाइनमन बाळूभौ माह्या दुकानात रोजच चहाले बसते. तो उठला, बोटीभोवती एक चक्कर मारली अन् म्हणे, "हा तर लाइटचा खांब हाये. फक्त खाली जमीन नाई."

काका हसले नाईत. "माझी याडी पंच्याऐंशीची झाली," ते म्हणाले. याडी म्हणजे त्यायची माय. "पोरगा जहाज चालवतो असं तिनं साऱ्या तांड्याला सांगून ठेवलंय. आता म्हणते, एकदा मला बसवून दाखव. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरायच्या आत करायचंय."

मंग आम्हीही हसलो नाई. कामाले लागलो.

*

ताण द्यायचा एक स्क्रू पार जाम झालता. दोन दिवस डिझेलात बुडवला. तिसऱ्या दिवशी म्या घन मारला. स्क्रू फिरला नाई, त्याचे दोन तुकडे झाले.

"टेन्शन घेऊ नका," म्या म्हटलं. "ट्रॅक्टरची टॉप लिंक कायले हाये? दोन्ही टोकाले आटे, मधात फिरवलं की ताण बसते."

लावली. बोट ट्रॉलीवरच एका अंगाले कलली.

"ही झुकली ना," काका म्हणाले.

"दुसऱ्या अंगालेही लावतो."

"मग सरळ बुडेल," काका म्हणाले, अन् मुंबईहून स्टीलचे स्क्रू मागवले.

*

नव्या तारा बाळूभौनं बसवल्या. हात मात्र सोन्याचा त्याचा, तारेवर नख मारून ताण सांगते. पण संध्याकाळी काकायनं पाह्यलं त हरेक तारेच्या मधात चिनी मातीचा एक अंडा बसवलेला. लाइटच्या खांबाच्या ताणाले करंट अडवाले असते ना, तोच.

"हे काय आहे?"

"सेफ्टी," बाळूभौ म्हणे.

"अहो, बोटीत करंट कुठून येईल?"

"माह्या नोकरीत मले ज्यानं ज्यानं असं विचारलं," बाळूभौ शांतपणे म्हणाला, "त्याले म्या दवाखान्यात भेटायले गेलतो."

अंडे काढाले लावले, तवा दोन दिवस तो चहाले आला नाई.

*

शीड वर ओढायची गिरकी, म्हणजे कप्पी, फुटली होती. मापाची मिळेना, म्हणून म्या विहिरीची एक जुनी गिरकी घासून बसवली. शीड ओढलं की असा कुरकुर आवाज येई, की दोन बाया घागर घेऊन दुकानात डोकावून गेल्या. काका म्हणाले, ग्रीस लाव. बाळूभौ म्हणे, राहू द्या, आवाज आला म्हणजे चालून राह्यलं हे समजते.

*

आता खरी गोष्ट. एक दिवस लाइन गेली, काम बंद. काका म्हणाले, चला, आज मीच जेवण करतो. त्यायनं कांदा असा कापला, की आम्ही नुसतं पाहत राह्यलो. नजर रस्त्यावर अन् सुरी खाली चालू. माणसं आम्ही तीन. भात झाला तीस जणाचा.

"अंदाज चुकला," काका पुटपुटले.

बाळूभौनं भाताकडं पाह्यलं, मंग काकाकडं. "कॅप्टन, जहाजावर तुमचं काम नेमकं कोणतं होतं?"

काकायनं भातावर झाकण ठेवलं. बोलले तवा शहरी भाषा गेली होती. "मी आचारी होतो रे. याडीले सांगाची हिंमत नाई झाली. पहिल्या सुट्टीत जहाजाचा कलथा चुकून बॅगमध्ये आलता, दांड्यावर जहाजाचं नाव कोरलेलं. तो घरातच कुठी हरवला. तवापासून भेव वाटते, कोणाले सापडन म्हणून." मंग म्हणाले, "शीड चालवाचं मातर शिकलो. तिच्यासाठी तीन महिने मुंबईत शिकलो."

मले वाईट वाटलं. बाळूभौ म्हणे, "आम्ही काही ऐकलं नाई. भात वाढा."

*

पाणी उतरायच्या आत बोट धरणात टाकली. सारा तांडा बांधावर जमला. याडी फेट्या-कांचळीवर, म्हणजे तांड्यातल्या घागरा-चोळीवर, लाइफ जॅकेट घालून, मांडीवर गाठोडं घेऊन बसली. मी मेकॅनिक म्हणून सोबत. गिरकी कुरकुरली, शीड भरलं, बोट निघाली. काकाचा चेहरा पाहण्यासारखा होता.

अन् तवा माह्या ध्यानात आलं. ट्रॉलीची पिन आपण रोज संध्याकाळी काढतो, म्हणून तिले अडवून ठेवणाऱ्या दुफाट्या खिळ्याची टोकं कधी वाकवत नाई. सवयीनं म्या बोटीच्या तारेच्या पिनेचीही वाकवली नव्हती. बोट कलली, त्या बाजूची तार ढिली पडली, अन् पिन माह्या डोळ्यादेखत पाण्यात गेली.

"काका, पिन गेली."

काका पांढरे पडले. समोर दगडी बांध येऊन राह्यलता. बोट वळवली त हवा त्याच तारेवर येईन अन् खांब आडवा. नाई वळवली त बांधावर. तिकून बाळूभौ ओरडून राह्यला, "सप्लाय बंद करा!"

माह्याजवळ पाना होता, तो भोकात जाईना.

याडीनं दोघांकडं पाह्यलं. गाठोडं सोडलं, अन् आतून एक लांब दांड्याचा स्टीलचा कलथा काढून लेकाच्या हातात देल्ला. दांड्यावर नाव कोरलं होतं.

काका त्या कलथ्याकडं पाहतच राह्यले.

"घाल ना," याडी म्हणाली. "बांध जवळ आला."

दांडा भोकात फिट्ट बसला. काकायनं बोट वळवली, खांब तसूभरही हलला नाई. बांधावर टाळ्या पडल्या.

काठावर उतरल्यावर तांड्यातल्या बाया जमा झाल्या. कसं वाटलं, विचारू लागल्या.

"पोरगा जहाज चालवते, सांगतलं होतं का नाई तुमाले?" याडी म्हणाली. मंग माह्याकडं वळून हळूच म्हणे, "आता शीड उतरव, अन् माहा कलथा काढून दे."

पदरानं पुसून तिनं तो गाठोड्यात ठेवला अन् गाठ मारली.