घड्याळातली साखर

"मामा, आई घामाने भिजल्यात, नीट बोलत नायत..." सकाळी पेणजवळच्या जोह्याहून मनीषाचा, माझ्या भाचेसुनेचा, फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "शुगर बघितलीस?" "बघितली. बोट टोचून बघितली. एकशे तीस हाय." तो आकडा ऐकून क्षणभर मला हायसं वाटलं, याची आज लाज वाटते. रोह्याहून मी पेणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सुमनताई, माझी थोरली बहीण, गेली होती. हृदयविकाराचा झटका. इतकी वर्षं मी चुकीच्या दाराशी पहारा देत बसलो होतो का... महिना उलटला, तरी हा प्रश्न सुटत नाही.

ताई घराशेजारच्याच गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. मूर्ती रंगवणारे पुष्कळ, पण आखणीचा हात थोड्यांनाच असतो. तिला मधुमेह होता, अलीकडे इन्शुलिनही सुरू झालं होतं. याच आजारात आमच्या आईचा पाय कापावा लागला होता, त्यामुळे मी रोज फोन करून विचारायचो, "मोजलीस?" ती "व्हय" म्हणायची, आणि त्या "व्हय"वरूनच मला कळायचं की मोजलेली नाही. एकदा म्हणाली, "बोटांची चाळण झाली रे दत्ता. ब्रश धरला की ठणकतं."

म्हणून मी ते घड्याळ ऑनलाइन मागवलं. सुई नाही, रक्त नाही, मनगटावर हिरवा उजेड लुकलुकतो आणि आकडा दिसतो. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण तो उजेड रक्तातली साखर वाचतो तरी कसा, हे स्वतःला विचारलं नाही. ताई लहान मुलीसारखी हरखली. बोट टोचणं बंद झालं, आणि मीही निर्धास्त झालो.

पुढच्याच गणपतीच्या घाईत, भरदुपारी, एका मूर्तीचा डोळा आखताना तिची रेघ वाकडी गेली. तिने ती पुसली, पुन्हा काढली, पुन्हा वाकडी. मनीषाने घड्याळ पाहिलं. एकशे आठ. "बरोबर हाय की आई." ताई म्हणाली, "घड्याळ काय पण सांगू दे. माझा हात असा नाय जायचा. टोच गो बोट." बोट टोचायच्या मशीनवर आकडा आला अठ्ठेचाळीस. मनीषाने तिला साखरेचं पाणी पाजलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर...

पेणच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "मास्तर, न टोचता साखर मोजायचे प्रयत्न जगभर चाललेत. पण भरवसा ठेवावा असं घड्याळ अजून आलेलं नाही." मग दंडावर चिकटवायचा सेन्सर आला. त्याचीही केसाएवढी बारीक तार कातडीखाली जाते, पण दोन आठवड्यांतून एकदाच टोचायचं. शंका आली तर मात्र बोटच. मी घड्याळ परत मागितलं. ताईने दिलं नाही. "टाकायचं कशाला? वेळ तर बरोबर सांगतंय," म्हणाली आणि हसली. मला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा तिच्या मासिक श्राद्धाला जोह्याला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर कारखान्यात, खिडकीपाशी तिच्या जागेवर जरा टेकलो. शेजारी रंग देणाऱ्या रंजनाने मनगट पुढे केलं. "मामा, मला पण शुगर हाय. ताईंच्या हातात बघून मी पण मागवलेलं. हे बघा, एकशे बारा. चांगली हाय ना?"

मी लगेच मनीषाला मशीन आणायला सांगितलं. रंजनाने तोंड फिरवून बोट पुढे केलं. आकडा आला तीनशे चार. ती एकदा मशीनकडे बघे, एकदा मनगटाकडे.

"कधीपासून घालतेस?"

"इथं कामाला लागले तेव्हापासून... दिवाळीपासून."

मी उठलो. "चल, पेणची एसटी येईल आता." तिने ब्रश ताईच्या पाण्याच्या वाटीत बुडवून धुतला, पदराला हात पुसले आणि माझ्यामागून निघाली.