पालखीचा मेनू

शिमग्याआधीच्या रविवारी पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या बैठकीत गावकीच्या लॅपटॉपवर माझ्या धाकट्या जावेने बनवलेला मेनू ठेवायचं ठरलं. माझा काढून टाकण्यात आला.

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. निम्म्या घरांना एरवी कुलूप असतं, माणसं मुंबईत. पालखी आपल्या दारात कोणत्या दिवशी येणार हे कळलं की ती रजा टाकतात. त्यासाठी पूर्वी गुरवाचा फोन दिवसभर वाजायचा.

महाडच्या एका वर्तमानपत्रात मी निवडणूक निकालांचे तक्ते करत असे. मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, तिथे शिकले. या वर्षी गावातल्या सगळ्या घरांचा तक्ता मी एक्सेलमध्ये बसवला. मॅक्रो प्रत्येक घराचा दिवस काढायचा आणि मुंबईला पाठवायचा निरोप तयार करायचा. त्याचं अ‍ॅड-इन, म्हणजे एक्सेलला जोडायची फाइल, करून गावकीच्या लॅपटॉपवर टाकलं आणि वर टूलबारला ‘पालखी’ हा मेनू जोडला. मेनूत वाड्या, वाडीवर गेलं की दोन पर्याय, ‘दिवस काढा’ आणि ‘निरोप बनवा’. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी गावात मी ‘महाडची’च होते. हे काम माझं म्हणून ओळखलं जावं, एवढं मला हवं होतं.

धाकटी ठाण्यात एका सीएच्या ऑफिसात आहे. शनिवारी सकाळी वीर स्टेशनला उतरून ती गावी आली. तिने मेनू पाहिला.

“ताई, वाड्या अशाच ठेवणार?”

“अक्षरांच्या क्रमाने आहेत. कुणाला बोलायला जागा नको.”

तिने एक कॉपी मागितली. मी दिली. दुपारी ती सासूबाईंपाशी वाल सोलत बसली होती. दोघी काहीतरी बोलत, हसत होत्या. मी गेल्यावर थांबल्या नाहीत, पण मला सांगितलंही नाही.

रविवारी देवळात लॅपटॉप उघडला. खालचीवाडी, टेपवाडी, देऊळवाडी, वरचीवाडी. वरच्यावाडीचे वयस्क मानकरी चष्मा पुसून पुढे सरकले.

“गो सूनबाय, आमची वाडी तळाला कशी? पालखी पयली आमच्याकडं येते, ठाव नाय?”

“काका, दिवस बरोबर आहेत. ही फक्त नावं आहेत, क ख ग प्रमाणे.”

“मग देवीला शिकव जा क ख ग!”

लोक हसले. टेपवाडीचा एक जण म्हणाला, “ऱ्हाऊ दे की रे, औंदा आमी दुसरे!” वरच्यावाडीची दोन माणसं उठून बाहेर गेली.

तेव्हा धाकटीने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. तिच्या मेनूत वाड्या मानाच्या क्रमाने होत्या. ‘निरोप बनवा’च्या जागी ‘मुंबयला कळवा’ होतं. शेजारी पालखीचं छोटं चित्र. बाहेर गेलेली माणसं आत आली.

तिचा कोड मी तिथेच उघडून पाहिला. दिवस काढणारी एकही ओळ तिची नव्हती. प्रत्येक बटणामागे माझाच मॅक्रो होता. ती स्वतःही तेच सांगत होती: “सगळं ताईंचं आहे, मी नुसतं वरखाली केलं.”

मानकरी म्हणाले, “बघा, केलंन एवढं आनि गर्व हाय का पोरीला?”

तिने हे मुद्दाम म्हटलं, असं मला तेव्हा वाटलं. त्याला पुरावा नाही. तिचं माहेर याच खोऱ्यात, इथून तिसऱ्या गावात. मानाचा क्रम तिने सासूबाईंना विचारून घेतला होता. मी त्याच घरात राहते.

निरोप त्याच संध्याकाळी गेले. पाठवण्याआधी, चौकशीसाठी खाली नंबर कुणाचा द्यायचा, असं गुरवाने विचारलं. दोघा-तिघांनी एकदम धाकटीचं नाव घेतलं. ती माझ्याकडे पाहत होती. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते.

पालखी आमच्या दारात ठरल्या दिवशी आली. सासूबाईंनी ओटीचं ताट आधी धाकटीच्या हातात दिलं.