सही आधी, अहवाल नंतर

दुपारचं जेवण अंगावर आलं आहे. शलाका रणदिवे, हुद्द्याने कॅप्टन आणि सध्या घरी बसवलेली, टेबलावर हातांची घडी घालून त्यावर गाल टेकते. फक्त पाच मिनिटं, असं स्वतःला बजावते. आपल्याकडची पाच मिनिटं केवढी असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

हाताशी चौकशी समितीला द्यायच्या अहवालाचा कोरा कागद आहे. आधीचे तीन फाडून झाले. तिन्हींची सुरुवात एकच होती: 'मेकॅनिक घोलप यांनी टाकी भरल्याचे सांगितले.' त्यात खोटं एक अक्षर नाही. घोलपमामांनी इंधन भरलं होतंच, फक्त ते तिच्या विमानाशेजारी उभ्या असलेल्या जुळ्या विमानात. शलाका एकटीच उडाली, वाटेत इंजिन बंद पडलं, आणि ती हरभरा काढलेल्या रानात सुखरूप उतरली. विमानाचं पुढचं चाक तेवढं वाकलं. आता एक तर तिचं लायसन्स अडकणार, नाहीतर मामांची नोकरी जाणार. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत.

"सरक जरा," कोणीतरी म्हणतं.

ती सरकते, तर खुर्ची कॉकपिटमधली असते. उजवीकडे कॅप्टन घैसास सर बसलेत, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. तिला उडायला यांनीच शिकवलं. सर गेले त्याला दोन वर्षं झाली.

"सर, तुम्ही!" तिला इतका आनंद होतो, की ते वारलेत हे तोंडावर सांगणं बरं दिसणार नाही असं वाटतं.

"मेलोय, म्हण की बिनधास्त. चाळीस वर्षं आभाळात काढली आणि गेलो कुठे, तर दाढी करताना. इकडे सगळे हसतात मला."

विमान ढगात शिरतं. ढगाच्या आत तिच्या आईचं स्वयंपाकघर आहे. सर फळीवरचे डबे उघडून एकेकात टाकी मोजायची लाकडी पट्टी खुपसतात. डाळीत, पोह्यांत, साखरेत.

"त्या दिवशी टाकीत पट्टी बुडवलीस?"

"सर, इंधनाचा काटा तर..."

"काट्याचं नको सांगू. आपल्या फ्लाइंग क्लबातला काटा निवडणुकीतल्या पुढाऱ्यासारखा, वाट्टेल ते दाखवतो."

"नाही बुडवली. घाई होती. आणि मामांवर विश्वास होता."

"माझा काय कमी होता? तरी रोज त्यांच्यादेखत बुडवायचो. ते कधी रागावले नाहीत. अगं, विमानाची कमांडर तू. भरो कुणीही, तपासो कुणीही, उडण्याआधी शेवटचं बघायचं ते तू. कायदा तरी दुसरं काय म्हणतो?"

"मग मामांची काहीच चूक नाही?"

"आहे की! त्यांची ते लिहितील. त्यांचं तू कशाला लिहितेस? तुझं अक्षर तरी कुठे धड आहे?"

शलाकाला हसू येतं आणि त्याच दमात रडूही. "लायसन्स गेलं तर? मला दुसरं काही येत नाही हो, सर."

"माझंही अडकलं होतं एकदा. सहा महिने. तेवढ्यात पुरणपोळ्या करायला शिकलो."

"कशा व्हायच्या?"

"विमान बरं उडवायचो."

ती खदखदून हसते. ओट्याखाली आता हरभऱ्याचं रान पसरलं आहे. सर पुडीचा कागद चुरगळून खिशात घालतात.

"आधी सही कर," ते तिच्या हातात पेन देतात. "आपलं नाव खाली असलं, की वर दुसऱ्याचं लिहवत नाही."

मग ते पंखावरून खाली उतरतात आणि ढेकळं तुडवत रमतगमत चालू लागतात. हाक मारावी असं तिला वाटतं, पण ते इतके मजेत चाललेत की ती मारत नाही.

"शलू, चहा गार होतोय!" आई ओरडते.

टेबलावर ऊन आलं आहे. कोऱ्या कागदाच्या तळाशी शलाकाची सही आहे, ठसठशीत, आणि तिची शाई अजून ओली आहे. शलाका तिच्यावर फुंकर मारते. मग कागद जवळ ओढून अगदी वरच्या ओळीत लिहिते:

'टाकीतले इंधन मी स्वतः मोजले नाही.'