वानराची माती

आमच्या गावात माकड म्हटलेलं कोणाला खपत नसे. मारुतीराया म्हणायचं. त्याच मारुतीरायाने शेंगा ओरबाडून नेल्या की आईबहिणीवरून शिव्या घालायच्या आणि शनिवारी देवळात जाऊन शेंदूर लावायचा, यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पावसाने दडी मारलेली, जैनथकडच्या आमच्या शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाटीवर अळी पडलेली. नाल्याच्या काठावर टिपाड, म्हणजे मोठा पिंप, ठेवून नवरा त्यात दवा कालवायचा आणि पाठीवर पंप घेऊन फवारायचा. नाल्यातून पाणी आणून टिपाड भरायचं काम माझं. दुपारी पंप बिघडला. तो घेऊन नवरा आदिलाबादला निघाला आणि जाता जाता म्हणाला, "टिपाडावर पोतं झाकजो, वर गोटा ठेवजो."

सकाळपासून पाणी वाहून माझी मान अवघडली होती. साहेब आता बसमध्ये बसून जाणार आणि मी दगड शोधत फिरायचं! मी 'हो' म्हटलं आणि तशीच घरी आले. राग आला की सांगितलेलं काम मुद्दाम टाकायचं, ही माझी जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गुराखी दारात आला. "तुमच्या धुऱ्यावर मारुतीराया मरून पडला हाये," म्हणाला. सगळे शेताकडे धावले. बांधावर काळ्या तोंडाचं मोठं वानर आडवं पडलेलं होतं. वरून विजेची तार गेली होती. तिच्याकडे पाहून सगळ्यांनीच ठरवलं, करंट लागला.

सासरे हात जोडून म्हणाले, "आपल्या वावरात देह ठेवला. आता सुतक आपल्याच घरचं. डोक्याचे केस मी काढतो."

मंडळी बांबू आणि पांढरं कापड आणायला गावात वळली. मी मागे राहिले आणि टिपाडापाशी गेले. ते उघडंच होतं, पाणी थोडं कमी झालेलं, काठावर चिखलाच्या हातांचे ठसे. वानरहत्या! जन्मभर हाच ठपका राहणार माझ्यावर. पुढचा मागचा विचार न करता मी टिपाड नाल्यात उलटं केलं. पांढरं, दुधासारखं पाणी घसरत खालच्या डोहात गेलं आणि दिसेनासं झालं.

पाण्यात काय गेलं याची मला तेव्हा काळजी वाटली नाही, हे कबूल करते. पाण्याला विटाळ नसतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. आपण त्यात राख सोडतो, निर्माल्य सोडतो, फुटलेले देव सोडतो. ते सगळं पोटात घेतं. माझंही घेईल असं वाटलं.

गावाने माती मोठी केली, माणसाच्या अंत्ययात्रेसारखी. खुर्चीला बांबू बांधून वानराला तीत बसवलं, गुलाल लावला, पुढे भजन, मागे बायकासुद्धा. मी पदर डोळ्यांशी धरून चालले होते आणि आपण सुटलो असं मनात म्हणत होते. तेवढ्यात शेजारची काकू म्हणाली, "आंघोळीवर नेसाले लुगडं आनलं काय वं?"

मातीनंतर सगळं गाव आंघोळ करणार होतं, आणि त्या दिवसांत अंग बुडेल एवढं पाणी त्या एका डोहातच होतं.

खड्डा खणेपर्यंत मी देवाला काय काय नवस बोलले! पाऊस पाड म्हटलं, काहीही कर म्हटलं. शेवटी, तोवर आदिलाबादहून परतलेल्या नवऱ्याला बाजूला घेतलं. "आंघोळ घरीच करू ना."

"येड लागलं काय? मातीहून तसंच घरात घेशीन?" तो खेकसला आणि खुर्ची उतरवायला गेला.

माती झाली. न्हाव्याने सासऱ्यांचं डोकं काढलं. ते डोहात गुडघाभर उतरले, त्यांच्यामागे काठावर सगळं गाव. त्यांनी ओंजळ भरली, चूळ भरायला तोंडाशी नेली.

"मामाजी, तोंडात घेऊ नका! पाण्यात दवा हाये!"

सासऱ्यांसमोर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. ओंजळ तशीच राहिली.

"कोनं टाकली?"

"मी."

"काऊन?"

मग सगळंच बाहेर पडलं, पोत्यापासून. तेव्हा कुठे लोकांनी पाण्याकडे नीट पाहिलं. पलीकडे बेशरमच्या झुडपांत मासोळ्या पोट वर करून पडल्या होत्या, ओंजळी ओंजळीने. सासरे बाहेर आले आणि धोतर पिळत बसले.

तिथेच पंच बसले. अकरा शनिवार अनवाणी मारुतीला जायचं आणि तेराव्या दिवशी गावाला जेवण घालायचं, म्हणजे वानराचा दोष फिटेल. मासोळ्यांचं आणि पाण्याचं कोणी विचारलं नाही. त्याला प्रायश्चित्तच नव्हतं. गुरं तेवढी दोन दिवस दुसरीकडे नेली.

तिसऱ्या दिवशी दणकून पाऊस आला. डोह फुगून वाहिला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, समदं धुवून गेलं."

मी दारात उभी राहून नाल्याचा आवाज ऐकत होते. तो पैनगंगेला मिळतो, आणि खाली तिच्याच काठावर माझं माहेर. आई वाळूत झिरा खणून नदीचंच पाणी भरायची. एवढ्या पाण्यात चार हंडे दवा ती काय, असं मी मनाला सांगत असे. मन ऐकत नसे. पत्र लिहावं तर लिहायचं काय?

दिवाळीला भाऊ न्यायला आला. तो सायकल भिंतीला लावत होता, तोवर मी उंबऱ्यातूनच विचारलं, "माय बरी हाये ना?"

"बरी हाये. काऊन?" तो म्हणाला.

मी त्याला पाणी आणायला आत गेले आणि तांब्या भरण्याआधी माठात वाकून पाणी निरखून पाहिलं.