उघाडीच्या दोन फळ्या

देव आहे हे आनंदाकाका मला घड्याळावरून पटवून द्यायचे. मनगटावरच्या नव्हे, खाडीच्या.

"तिथीची पाऊणपट करा, मास्तर. आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती भरनार म्हंजे भरनार. माज्या आज्याच्या टायमाला तशीच, मी मेल्यावर बी तशीच. घड्याल हाय तर लावनारा नको?"

पनवेलच्या खाडीकाठी त्यांच्या गावचा बांध होता आणि बांधाला उघाडी होती. उघाडी म्हणजे खाचेत फळ्या सरकवून बंद करायचं दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीआधी बंद करून खारं पाणी बाहेर अडवायचं. चाळीस वर्षं हे काम आनंदाकाकांकडे होतं. बाकीच्यांनी एव्हाना शेती सोडली होती, करंजाड्यात इमारती चढत होत्या, तिकडे कामं मिळत होती. बांधाआड भात उरलं होतं ते फक्त काकांचं, एकरभर.

मी विज्ञानाचा मास्तर. नगरकडचा, जन्माने ख्रिस्ती, पण माझं चर्चला जाणं म्हणजे रविवारची इस्त्रीची पँट घालायला एक निमित्त. काकांनी मात्र चाळिशी उलटल्यावर, गावाची टिंगल सोसून, बायकोसह बाप्तिस्मा घेतला होता. उपासनेनंतर मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडायचो आणि बांधावर आमचा वाद रंगायचा.

"काका, चंद्र पाण्याला ओढतो. गुरुत्वाकर्षण म्हणतात त्याला. देवाला मध्ये कशाला त्रास देता?"

"आनि चंद्राला कोन सांगतो, वढ म्हनून?"

"कोणी सांगावं लागत नाही."

यावर ते नुसते हसायचे. त्या हसण्याचा मला मनस्वी राग यायचा. माणूस हरला की त्याने हरल्यासारखं दिसावं, अशी माझी अपेक्षा असते.

त्या वर्षी आमच्या प्रार्थनागटाला एक तरुण पाळक आले. त्यांनी काकांच्या भिंतीवर तिथी-नक्षत्रांचं कॅलेंडर पाहिलं आणि ख्रिस्ती माणसाच्या घरात पंचांग कशाला, असं विचारलं. काकांनी ते त्याच दिवशी उतरवलं. सत्यवतीकाकूंना त्याच्या मागच्या पानांवरच्या पाककृती हव्या होत्या, त्या चार दिवस फुगून बसल्या. मीही म्हटलं, "आता तुमचं घड्याळ बंद!" काका म्हणाले, "बोटं हायेत ना. अमावस्येपासून मोजतो."

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीला, प्राचीला, शाळेच्या प्रकल्पासाठी खाडीच्या चिखलातले शंख-शिंपले हवे होते. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मी काकांना वेळ विचारली. त्यांनी बोटांवर मोजलं. लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येपासून आज पाचवा दिवस, म्हणजे पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेनऊला पाणी अगदी तळाला.

"दहाला परत ये, पोरी. खुशाल जा."

बांधापासून जरा पुढे एक ओहोळ होता, ओहोटीला घोट्याएवढा. तो ओलांडून प्राची पलीकडच्या चिखलाच्या पट्ट्यावर गेली. शंभरेक पावलांवर तिची पिवळी ओढणी दिसत होती. आम्ही दोघे बांधावर बसलो आणि अर्थातच देवावर आलो. एरवी काका दर थोड्या वेळाने उघाडीच्या खांबाकडे बघायचे. त्या दिवशी त्यांची पाठ खांबाकडे होती, कारण मी त्यांना बोलण्यात अडकवलं होतं. मी भूकंपाबद्दल विचारत होतो. लहान मुलं मरतात तेव्हा तुमचा घड्याळजी कुठे असतो, असं काहीतरी. मुद्दा बिनतोड होता आणि मी खुशीत होतो.

काका उत्तर शोधत वळले आणि बोलता बोलता थांबले. खांबावरची ओहोटीची रेघ पाण्याखाली गेली होती.

"किती वाजलं?"

"पावणेदहा."

"पंदरा मिन्टात येवडं पानी चढत नाय." ते उठून उभे राहिले. "मास्तर, पानी कवाच फिरलंय."

ओहोळ आता ओहोळ राहिला नव्हता. त्यात राखाडी पाणी भराभर आत चाललं होतं, कडेचा फेसही आत चालला होता. मी प्राचीला हाक मारली. तिने वर पाहिलं, पाणी पाहिलं आणि जी चूक शहरातलं कोणीही करेल ती केली. ती धावली. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतली.

"पाय वढू नको!" काका ओरडले. "पालथी पड! पोटावर पड!"

तिला ऐकू गेलं नसावं. ती पाय उपसत होती आणि आणखी खाली जात होती. "पप्पा!" एवढंच आम्हाला ऐकू येत होतं.

मी बांध उतरलो. एक पाय चिखलात टाकला, तो मांडीपर्यंत गेला. मला पोहता येत नाही. मी तो पाय परत काढला. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. कोणी अडवलं नव्हतं. मी भ्यालो आणि पाय परत काढला.

मागे लाकडावर ठोकल्याचा आवाज झाला. काका उघाडीच्या फळ्या काढत होते. त्या चिखलावर दुसरं काही चाललं नसतं आणि आसपास दुसरी फळी नव्हती. आत भात पिवळं होऊन उभं होतं, सोमवारपासून कापणी धरायची होती. एकदा खारं पाणी शिरलं की हे पीक गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन हाती लागत नाही, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. दोन फळ्या निघाल्या आणि तिथून पाणी आत घुसलं. काकांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पासष्ट वर्षांचा तो माणूस एका फळीवर पालथा पडला, दुसरी पुढे ढकलत पाय मारत ओहोळात शिरला. मध्यावर प्रवाहाने त्यांना बाजूला नेलं, डोकं एकदा दिसेनासं झालं. मी येशूला हाक मारली. मोठ्याने, दोनदा. भूकंपाचा मुद्दा तेव्हा मला आठवला नाही.

ते पोचले तेव्हा पाणी प्राचीच्या कमरेला लागलं होतं. त्यांनी तिला फळीवर छातीने पाडलं, तिच्या पायांभोवतीचा चिखल हातांनी उपसला. एक पाय सुटला. दुसरा सुटायला फार वेळ लागला. मग ओढणी हलली आणि दोन फळ्या बांधाकडे यायला लागल्या.

पाण्याचा जोर एवढा वाढला होता की फळ्या पुन्हा खाचेत बसेनात. सत्यवतीकाकू धावत आल्या. त्यांनी लेकराला पदरात घेतलं, भाताकडे एकदा पाहिलं, मग नवऱ्याकडे. "फल्या न्यायच्या त्या न्यायच्या, पन बुडाला असतास म्हंजे?" एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवस मी तिकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा काका आडव्या पडलेल्या भाताशी उभे होते. पेंढ्यावर मिठाची पांढरी साय आली होती. लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला.

"तुमचं घड्याळ चुकलं, काका. माझी मुलगी गेली असती."

"घड्याल नाय चुकलं. मी चुकलो," ते म्हणाले. "शेजारच्याचं क्यालेंडर बघून आलो. तृतीया दोन दिवस होती. त्या दिवशी चतुर्थी, मी पंचमी धरली. पाऊन तासाची चूक. मना माफ करा, मास्तर."

ते माझी माफी मागत होते. त्या शेतात उभे राहून. मला ते सहन झालं नाही.

"फळ्या काढताना भाताचा विचार नाही आला?"

"आला ना. पोरगी आपली नाय, भात आपलं हाय, हा बी आला." त्यांनी वाकून एक आडवी लोंबी उचलली. "पानी चंद्रामुलं वढलं जातं, मी मानलं. मग मना कोनी वढला, मास्तर? तुमच्या पुस्तकात हाय का त्याचं नाव?"

माझ्याकडे उत्तरं होती. उपजत प्रेरणा, प्रजातीचं रक्षण, मी ती नववीला शिकवतो. पण त्या दिवशी तीच ओढ मलाही लागली होती, आणि ती माझी मुलगी होती. मी पाय परत काढला होता. पाण्याला चंद्राची ओढ मोडता येत नाही, म्हणून पाण्याला कधी शरमही वाटत नाही. मला वाटत होती. पंधरा दिवस कोणीतरी मला 'पाय का काढलास' हा एकच प्रश्न विचारत होतं, आणि तो विचारणारा मी नव्हतो, कारण मला तो ऐकायचाच नव्हता.

"काका," मी म्हटलं, "मी तिथे उभा होतो."

"मना ठावं हाय," ते म्हणाले. "मी मागं वलून तुमच्याकडं बघितलं नाय, ते त्याच्यासाटीच."