तनूची वही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी सांगते. तुम्हाला का सांगतेय, ते मात्र विचारू नका.

शाहूपुरीत मी बालवाडी चालवते, वीस वर्षं होत आली. पोरं पहिल्यांदा लिहायला लागतात ना, तेव्हा अक्षरं नसतातच, नुसत्या वेड्यावाकड्या रेघोट्या. पण ते लिहिणंच असतं. मनातलं कागदावर ठेवता येतं, हे पोराला उमगलेलं असतं. हे मी प्रशिक्षणात शिकले होते, पालकांना तोंड वर करून सांगतही होते. म्हणजे, मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तनू तेव्हा चार वर्षांची. आई मंडईत मिरची-कोथिंबीर विकायची, स्वतः शाळेचं तोंड न बघितलेली. तनू वहीची पानंच्या पानं रेघोट्यांनी भरायची आणि बोट फिरवत मला वाचून दाखवायची — "आई, मिरच्या इकून झाल्या की बिगीबिगी ये. मी वाट बघतो." दुसऱ्या दिवशी तेच पान उघडलं तरी तेच वाचायची. शब्द न् शब्द!

मग वर्षअखेरचा पालक मेळावा आला. बाकीच्यांच्या वह्यांत ग म भ न गिरवलेलं, हिच्या वहीत रेघोट्या. लोक म्हणतील, बाईंनी वर्षभर केलं काय? मी घाबरले. आदल्या दुपारी पोरं गेल्यावर नवी वही घेतली आणि डाव्या हातानं अक्षरं काढली. डाव्या — म्हणजे पोराचं वाटावं. केवढी ती अक्कल! वर तनूचं नाव घातलं. तिची वही रद्दीत टाकली.

मेळाव्यात आईनं ती वही कपाळाला लावली. "माझ्या लेकीनं लिवलंय व्हय हे?" डोळे भरून आले तिचे.

तनू म्हणाली, "हे मी न्हाय लिवलं. माझी वही कुठं हाय?"

चारचौघांत आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं फाडकन मुस्काटात दिली. "बाईंम्होरं खोटं बोलतीस?"

तनू रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली. एक वाक्य पुरे होतं हो — एकच. मी काय केलं? हसले. "असू दे, लहान हाय," म्हणाले. खोटी ती ठरली, आणि मी वर दयाळू.

त्यानंतर तिनं पेन्सिल धरली नाही. हातात दिली तर हळूच खाली ठेवायची.

गेल्या आठवड्यात मंडईत तिची आई भेटली. तनू आता तिसरीत आहे. त्या वहीतलं एक पान फ्रेम करून देवाशेजारी लावलंय म्हणे. "बाई, तुमच्याकडं किती झ्याक लिवत हुती! आता वही बघितली की अंग चोरती. काय झालं असंल हो?"

आत्ता तरी सांगायचं की नाही? तोंडातून निघालं ते असं — "आळस, दुसरं काय. जरा दरडावा."

तिनं मान डोलावली. माझ्या पिशवीत मिरच्या घातल्या आणि वर कोथिंबिरीची एक जुडी टाकली, लेकीच्या बाई म्हणून. मी ती घेतली.